हौशी गायकवृंदाला पाच रेघांवरचं गाणं कसं शिकवावं?

सांजसूर
पुण्यात आमचा एक हौशी गायकवृंद आहे. पंचवीसेक माणसं, निम्मी निवृत्त, बाकीची नोकरी सांभाळून शनिवारी संध्याकाळी येणारी. आजवर प्रार्थना, ऋतुगीतं, समरगीतं, क्वचित दोन आवाजांत बांधलेलं एखादं गाणं असं गात आलो. शिकवणं तोंडी, किंवा भातखंडे पद्धतीनं फळ्यावर सरगम लिहून.

आता नाताळाच्या आधी एका चर्चच्या वृंदाबरोबर एकत्र कार्यक्रम ठरलाय. त्यांनी जर्मन संगीतकार बाखचं एक कोराल (चर्चमधलं स्तोत्र) पाठवलं आहे. चार आवाज, जर्मन शब्द, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहायची पाश्चात्त्य लिपी. मी लहानपणी पियानो शिकल्यामुळे मला वाचता येतं. वृंदात आणखी कुणाला येत नाही. कागद वाटले तेव्हा एका काकांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि "यात सा कुठाय?" असं विचारलं.

तीन वाटा दिसतात. एक, सगळ्यांना स्टाफ वाचायला शिकवायचं. दोन, मी चारही आवाजांची सरगम लिहून द्यायची. तीन, प्रत्येक आवाजाचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर टाकायचं आणि कागद विसरायचा. हाताशी तीनेक महिने आहेत. ज्यांनी असं काही केलंय किंवा ज्यांच्यावर असं काही झालंय त्यांनी लिहा.

बटाटेवडा
आधी एका सुरात गाता येतं का ते बघा, मग चार सुरांचं पाहू. (हलके घ्या.)

अर्धी_मात्रा
तिसरी वाट. डोळे झाकून. हौशी माणूस गाडीत, स्वयंपाक करताना, फिरताना ऐकतो आणि पाठ होतं. नोटेशन शिकवण्यात तीन महिने गेले तर गाणार कधी? म्यूझस्कोअर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात स्वर भरले की एका आवाजाचा ध्वनी मोठा आणि बाकीचे बारीक ठेवून फाइल काढता येते.

खर्जातला_माणूस
@अर्धी_मात्रा, मी बास (सगळ्यात खालचा आवाज) गातो आणि या पद्धतीला कंटाळलोय. ध्वनिमुद्रण ऐकून माणूस शिकतो खरा, पण फक्त त्या ध्वनिमुद्रणाबरोबर गायला शिकतो. तालमीत दिग्दर्शक म्हणतो "दुसऱ्या ओळीच्या मधून घ्या", की सगळे एकमेकांची तोंडं बघतात. पहिल्यापासून सुरू केल्याशिवाय मधला स्वर सापडतच नाही. हातात कागद असेल तर निदान "अकराव्या मापापासून" (माप म्हणजे स्टाफवरच्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) एवढं तरी बोलता येतं.

सांजसूर, काहीही करा पण मापांना आकडे घाला. मोठ्या अक्षरात, प्रत्येक मापावर. आमच्या अर्ध्या तालमी "कुठून?" या प्रश्नात जायच्या, त्या वाचल्या.

चिकित्सक
थोडं मुळाशी जाऊ. आपल्याकडे स्वरलिपी कशासाठी वापरली जाते? गुरूकडून शिकलेली बंदिश विसरू नये म्हणून. गाणं आधी कानात असतं, कागद नंतर येतो. स्टाफचं काम नेमकं उलटं आहे. न ऐकलेलं गाणं कागदावरून गाता यावं म्हणून ती लिपी वाढली. अकराव्या शतकात अरेझोच्या ग्विदोनं रेघा आणि ऊत-रे-मी-फा-सोल-ला ही नावं वापरली, तीही चर्चमधल्या मुलांना नवीन स्तोत्रं लवकर गाता यावीत म्हणूनच.

म्हणून विशारद झालेल्या माणसालाही अनोळखी सरगम समोर ठेवून "गा" म्हटलं तर तो अडखळतो. परीक्षेत त्यानं नोटेशन लिहिलेलं असतं, कागदावरून थेट गायलेलं नसतं. तेव्हा "सरगम लिहून दिली की प्रश्न सुटला" असं समजू नका. लिपी ओळखीची असेल, पण तिच्याकडून असं काम त्यांनी कधी करून घेतलेलं नाही.

शेवंती
+१. मी विशारद आहे आणि मला हे लागलं. :)

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे चर्चला जोडलेल्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या सोल्फेजो शिकवला गेला. मेस्त (शिकवणारे मास्तर) हातानं ताल दाखवायचे आणि मुलं शब्दांशिवाय नुसती स्वरांची नावं म्हणायची. ते जमल्याशिवाय व्हायोलिन हातात मिळायचं नाही. माझे आजोबा त्यातलेच. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत गोव्याची माणसं एवढी दिसायची त्याचं कारण तेच. नवा कागद समोर आला की वाजवायला सुरुवात. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा वाद्यमेळ बांधायचे ते याच लिपीत.

पण एक सांगतो. ते शिक्षण सात-आठ वर्षांच्या मुलांना रोज मिळायचं. साठीच्या माणसाला शनिवारी दोन तास, त्यातली वीस मिनिटं चहाची, हे गणित जमणार नाही. आणि दुसरी भानगड अशी की आमचा 'दो' पक्का. म्हणजे पेटीची पांढरी एक, मग गाणं कुठल्याही पट्टीत असो. तुमचा 'सा' फिरता. सोल्फेजो शिकलेला माणूस मदतीला बोलावलात तर तो 'दो' म्हणेल तिथे तुमचे लोक 'म' म्हणत असतील. आमच्या घरी सुनेशी (ती हिंदुस्तानी शिकलेली) याच्यावरून जेवणाच्या टेबलावर जुंपते.

तबलजी_नव्हे
तालाचं काय करणार? कोराल बहुतेक चारचार मात्रांचं असतं, म्हणजे लोक केहरवा धरून बसणार.

सांजसूर
@तबलजी_नव्हे, बसलेच! त्यात हे कोराल चौथ्या मात्रेवरून उठतं. मी "मापाच्या आधीचा एक ठोका" असं समजावत बसले आणि कुणालाच कळेना. शेवटी आमच्यातल्या तबलेवाल्यांनी "अहो, मुखडा आहे तो, सम पुढच्या अक्षरावर" म्हटलं आणि खोली एकदम हलकी झाली. पुढच्याच खेपेला सगळे बरोबर उठले.

@मांडवीकाठ, फिरत्या सा-चा प्रश्न मलाही पडलाय. कोराल जी मायनरमध्ये आहे. सा पांढरी पाच धरला तर मूळ सप्तक आसावरी थाटाचं. ओळीच्या शेवटी शुद्ध निषाद येतो, तेव्हा लोकांना किरवाणी वाटतो आणि ते खुशीत येतात. पण तिसरी ओळ सरळ काळी पाचच्या मेजरमध्ये जाते. तिथे सा हलवू की तोच ठेवू?

चिकित्सक
हलवू नका. कोरालची ओळ संपेपर्यंत नवा सा कानात बसत नाही, आणि बसेपर्यंत चौथी ओळ परत जुन्या जागी येते. कोमल गंधारावर विसावायचं आहे एवढंच सांगा. आपल्या लोकांना न्यास कळतो.

पावशेर_सूर
असहमत. कोमल गंधारावर विसावा म्हटलं की आपला माणूस तो गंधार थोडा उतरलेला, लाडिक लावतो. तिथे तो पायाचा स्वर आहे, घट्ट उभा राहायला हवा. मी तरी त्या ओळीपुरता सा हलवते. वहीत ओळीच्या आधी 'सा = ग॒' असा बाण काढायचा. आमच्या गटानं दोनदा कुरकुर केली, तिसऱ्यांदा केलं.

आणि कृपा करून तानपुऱ्याचं ॲप बंद ठेवा. पांढरी पाच आणि तिचा पंचम खाली वाजत असताना वर काळी पाचचा मेजर गायचा म्हणजे शिक्षा आहे.

बटाटेवडा
तानपुरा बंद? आमच्या बाईंना कळलं तर त्या पुण्यातून बाखला पत्र लिहितील.

निवृत्त_बँकर
नोकरीत असताना काही वर्षं मिझोराममध्ये ऐझॉलला होतो. तिथला अनुभव सांगतो, कदाचित उपयोगी पडेल.

रविवारी चर्चमध्ये आख्खी सभा चार आवाजांत गाते. निवडक गायक नव्हेत, सगळेच. भाजीवाल्या, सरकारी कारकून, शाळकरी पोरं. त्यांच्या स्तोत्रांच्या पुस्तकात पाच रेघा नव्हत्या, टॉनिक सोल्फा होतं. वेल्श मिशनऱ्यांबरोबर ते तिकडे गेलं. मूळ कल्पना इंग्लंडात नॉरिचच्या सारा ग्लोव्हर यांची. जॉन कर्वेन या पाद्र्यानं 1840 च्या दशकात ती उचलली आणि गिरणी कामगारांपर्यंत पोचवली. पियानो परवडत नाही, वाचायला वेळ नाही, अशा माणसांसाठीच ती केलेली.

पद्धत अशी. डो-रे-मीची फक्त आद्याक्षरं. दोन मात्रांच्या मध्ये अपूर्णविराम, अर्ध्या मात्रेला पूर्णविराम, स्वर लांबवायचा तर आडवी रेघ, वरच्या-खालच्या सप्तकाला अक्षराच्या बाजूला बारीक उभी खूण. आणि डो फिरता, म्हणजे आपला साच. चार आवाजांच्या चार ओळी एकाखाली एक, मात्रेखाली मात्रा. मला थोडी पेटी येत असल्यामुळे पहिल्याच रविवारी वाटलं, अरे, ही तर भातखंड्यांची चुलत बहीण.

सांजसूर, तुम्ही दुसरी वाट धरली तर प्रत्येक आवाजाचा वेगळा कागद देऊ नका. चारही ओळी एकाखाली एक द्या. आपण कुणाच्या खाली आहोत आणि कुणाच्या आधी उठतोय हे डोळ्यांना दिसलं पाहिजे.

सांजसूर
@निवृत्त_बँकर, हे फार कामाचं. दंडवत.

शेवंती
नोटेशनच्या खुणांवरून. आमच्या भजनी मंडळात एका आजींनी जुनी वही आणून दिली, फार सुंदर पदं. आम्ही सगळ्या भातखंडेवाल्या. वहीत स्वरांच्या डोक्यावर टिंबं होती म्हणून तार सप्तकात चढलो. गळे फाटायची वेळ आली तेव्हा आजी म्हणाल्या, "अगं, खर्जात आहे ते, ओरडता कशाला?" वही पलुसकर पद्धतीची होती! त्यांच्यात मंद्राचं टिंब वर असतं आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. आपल्याकडे उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. म्हणजे त्यांचा तार मध्यम आम्ही तीव्र मध्यम म्हणून लावत होतो, तोही मधल्या सप्तकात.

हुकमी_वाचक
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). उभी रेघ बघून पट्टीच बदलली.

चिकित्सक
पलुसकरांत समेला १ आणि खालीला + असतं, भातखंड्यांत समेला × आणि खालीला ०. घाईत + आणि × एकसारखे दिसतात. म्हणजे सम आणि खालीची अदलाबदल. जुन्या वह्या हाताळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सातासमुद्रा
उलट्या बाजूचा अनुभव. मी नेदरलँड्समध्ये एका हौशी कॉयरमध्ये गाते. गेल्या वर्षी त्यांना एक मराठी अभंग शिकवायचा होता. मी आपल्या पद्धतीनं "माझ्यामागून म्हणा" सुरू केलं. पाच मिनिटांत हात वर. कागद कुठे आहे? कागद नाही म्हटल्यावर लोक इतके अस्वस्थ झाले की मी घरी जाऊन स्टाफवर लिहून आणलं. मग काय, पहिल्याच फटक्यात स्वर बरोबर. पण कागद बाजूला ठेवा म्हटलं की महिन्याभरानंतरही दुसऱ्या ओळीच्या पुढे जात नव्हते. आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं)? दोन स्वरांमध्ये मी वक्र रेघ काढली होती, ती ते नुसतं जोडून, सरळ गायचे. शेवटी मींडेसाठी "माझ्यामागून म्हणा" लाच यावं लागलं.

उलट आपल्या लोकांना कोराल गाताना मींड काढून टाकायला सांगावं लागेल. एकट्याला शोभून दिसणारा कण चार आवाजांत चिखल करतो. एका आवाजानं जरी स्वर खालून घेतला तरी सगळी जुळणी गढूळ होते.

खर्जातला_माणूस
मोजून गायची एक युक्ती. रॉबर्ट शॉ म्हणून अमेरिकन कॉयर दिग्दर्शक होते, ते शब्दांऐवजी मात्रांचे आकडे गायला लावायचे. स्वर तोच, तोंडात "वन अँड टू अँड टी अँड फोर अँड". थ्री म्हणायला वेळ लागतो म्हणून टी. लांब स्वर किती लांब हे आपोआप कळतं, सगळे एकदम सोडतात, आणि जर्मन शब्दांची भीती पहिल्या महिन्यात बाजूला राहते. आवाज बारीक ठेवायचा, गळा वाचतो आणि शेजारचा ऐकू येतो. आम्ही मराठीत केलं, "एक नि दोन नि तीन नि चार नि".

बटाटेवडा
आणि 'नि' म्हटलं की सगळे निषाद लावतात.

खर्जातला_माणूस
@बटाटेवडा, पहिल्या दिवशी दोघांनी खरंच लावला. :)

अटलांटाकर
नोटेशन न येणाऱ्यांच्या चर्चेत सेक्रेड हार्पचं नाव कसं आलं नाही? अमेरिकेच्या दक्षिणेत हे अजून जिवंत आहे. 1844 सालचं पुस्तक, सुधारून सुधारून आजही वापरतात. रेघा पाचच, पण स्वराचं डोकं आकारावरून ओळखायचं. त्रिकोण म्हणजे फा, गोल सोल, चौकोन ला, पत्त्यांतल्या चौकटसारखा मी. चारच नावं, सप्तकात काही दोनदा येतात. आवाजाप्रमाणे चार बाजूंना बसतात, मधल्या चौकात एक जण उभा राहून हात वरखाली करतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक गाणं आधी नुसत्या स्वरांच्या नावांनी गायचं, मग शब्दांनी. दर वेळी, पाठ असलं तरी. श्रोते नसतात, तालीमही नसते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, आपल्याकडे सरगमचं इतकं वेड असून गाणं आधी सगळ्यांनी मिळून सरगमनं म्हणायची पद्धत समूहगानात का नाही?

शाळामास्तरीण
मी चौथी-पाचवीच्या मुलांना हातांच्या खुणा शिकवते. त्याही मूळच्या कर्वेनच्या, पुढे हंगेरीत कोदाईच्या शिक्षणपद्धतीत आल्या. सा म्हणजे मूठ, ग म्हणजे जमिनीशी समांतर आडवा तळहात, प म्हणजे तळहात स्वतःकडे. मुलं कागदाशिवाय हाताकडे बघून गातात. दोन हातांनी दोन आवाज दाखवता येतात, डावा हात अर्ध्या वर्गाला आणि उजवा बाकीच्यांना. मोठी माणसं लाजतात, पण एकदा लाज गेली की कागदाकडे पाहून मान खाली जाते ती तक्रार उरत नाही.

अर्धी_मात्रा
सगळं छान आहे, पण मूळ धागा तीन महिन्यांचा आहे, तीन वर्षांचा नाही. हातांच्या खुणा, आकार, सोल्फा, आकडे... सांजसूर बाईंनी गायचं कधी?

पावशेर_सूर
@अर्धी_मात्रा, आता पटलं. मी जे करते ते थोडक्यात लिहिते.

सरगम सगळ्यांसाठी, चारही ओळी एका कागदावर. त्याच्याच मागे मूळ स्टाफ. त्यात फक्त दोन गोष्टी सांगायच्या. वरच्या पाच रेघांत दांडी वर असलेला स्वर पहिल्या आवाजाचा, दांडी खाली असलेला दुसऱ्याचा. खालच्या पाच रेघांत तसंच तिसरा आणि चौथा. आणि टिंब वर चढलं की गळा वर. बाकी काही नाही. महिन्याभरात चार-पाच जण आपोआप मागचं पान बघायला लागतात, त्यांना पुढे शिकवायचं. उरलेल्यांना सरगमवर सुखानं राहू द्यायचं.

आणि दुसऱ्या आवाजाला कधीही पहिल्याबरोबर आधी बसवू नका. सरळ चाल कानावर पडली की दुसरा आवाज तिकडेच ओढला जातो, कितीही पाठ असो. दुसरा आणि चौथा एकत्र बसवा, मग तिसरा आणि चौथा. पहिला सगळ्यात शेवटी. पहिल्या आवाजवाल्या रुसतात, त्यांना चहाची व्यवस्था द्या.

शेवंती
पहिल्या आवाजवाल्यांच्या वतीनं निषेध.

सांजसूर
बऱ्याच दिवसांनी परत येतेय. काय काय केलं ते लिहिते.

सरगम दिली, चारही ओळी एकाखाली एक, मापांना आकडे. मागे स्टाफ. ध्वनिमुद्रणही दिलं, पण तालमीत त्या मापापर्यंत पोचल्यानंतर, आधी नाही. (@अर्धी_मात्रा, तुमचंही ऐकलं, फक्त क्रम बदलला.) सा हलवला नाही. पावशेर_सूर म्हणाल्या तसा गंधार लाडिक लागतोय खरा, त्यावर अजून भांडण चालू आहे. आधी सरगम, मग आकडे, मग "ला", आणि जर्मन शब्द आता कुठे सुरू केलेत.

एक नवीन अडचण मात्र कुणीच सांगितली नव्हती. शांततेची. भातखंडे पद्धतीत रेघ म्हणजे स्वर लांबवणं. कोरालमध्ये एका ओळीनंतर तिसऱ्या आवाजाला अर्धी मात्रा गप्प राहायचंय. मी तिथे रेघ काढली तर ते लांबवतात. शून्य काढलं तर खाली म्हणतात. फुली काढली तर समेवर आल्यासारखे जोरात उठतात! अवग्रह (ऽ) आधीच शब्दांसाठी वापरलेला. खुणा संपल्या.

निवृत्त_बँकर
सोल्फामध्ये विश्रांतीला खूण नाहीच. अपूर्णविरामांच्या मधली जागा रिकामी सोडतात. तसं करा.

सांजसूर
@निवृत्त_बँकर, केलं. काकांनी "इथे छापायचं राहिलंय" म्हणून पेननं मागचा स्वर भरला.

बटाटेवडा
सरळ 'गप' लिहा.

चिकित्सक
'गप' मध्ये ग आणि प आहेत. गंधार-पंचम गातील.

बटाटेवडा
मग 'चूप'. च नावाचा स्वर नाही.

खर्जातला_माणूस
पण प आहे.

तबलजी_नव्हे
'थांब' लिहा. त्यात एकही स्वर नाही आणि तबलेवाल्याला पण समजेल.

सांजसूर
'थांब' चालेल. अर्ध्या मात्रेच्या जागेत बसेल का बघते, नाहीतर नुसता 'थ'. शनिवारी सगळ्यांच्या कागदांवर लाल पेननं घालून घेते. @शाळामास्तरीण, मुठीनं सा दाखवायचा तर गप्प बसायची खूण काय असते?

शाळामास्तरीण
दोन्ही हात खाली. नाहीतर मी डोळे वटारते, ते जास्त लवकर कळतं.